पोत्यातून आलेले स्पीकर

दादाने ते पोतं एसटीच्या टपावरून खाली ओढलं तेव्हा मी यवतच्या स्टँडवर आमच्या शेवंतीच्या पाट्यांपाशी उभी होते. फुलं त्याच गाडीने पुण्याला जायची. टपावरचा माणूस वैतागून ओरडला, "आरं, दगडं भरल्यात का काय ह्यात?" दादा खालून हसला. त्याचं ते हसणं मला चांगलं आठवतं, कारण तसा आनंदाने तो फार वेळा हसत नसे. शिरूरच्या बाजूने फिरणारी एक तंबू-टॉकीज दौंडला येऊन बंद पडली होती. मालकाने तंबू विकला, बाकडी विकली, शेवटी स्पीकर उरले. ते कोणी घेईना, म्हणून दादाने उचलले. घरी अंगणात पोतं उलटं केलं तर आतून काळी, गोल, जड चकरं घरंगळली. काहींचे कागदी पडदे उंदरांनी कुरतडलेले, काहींत माती, एकात तर चिमणीचं घरटं. आई भाकऱ्या थापत होती. तिने पिठाचे हात तसेच ठेवून चुलीपासून मान वळवली आणि म्हणाली, "आन् ह्या तव्यांवर भाजायचं काय?"

आमचं घर गावाच्या कडेला, मळ्यातच. झेंडू, शेवंती, गुलछडी, आणि बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. पहाटे मोटेच्या चाकाचा कुरकुर आवाज सुरू झाला की मला जाग यायची, आणि आबांचं बैलांशी बोलणं ऐकत मी अंथरुणातच पडून राहायची. आबा माणसांशी फारसं बोलत नसत, बैलांशी मात्र सगळं बोलत. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. दुपारी मी आणि आई ओसरीवर फुलं निवडत बसायचो आणि दादा शेजारी ते स्पीकर उघडून बसायचा. शिरूरहून त्याने एक जुनं मशीन आणलं होतं. आवाज मोठा करणाऱ्या त्या लोखंडी पेटीला सगळे मशीनच म्हणत. मशीन तेवढं त्याला चालवता यायचं, पण बारीक कामाला त्याचे हात थरथरायचे. पहिल्याच आठवड्यात त्याने एका स्पीकरची केसासारखी तार तोडली आणि पक्कड अंगणात भिरकावली. मी ती उचलून आणली आणि म्हटलं, "दादा, मी बघू का?" तो म्हणाला, "बघ. तसाबी कामातून गेलाय त्यो."

असं ते काम माझ्याकडे आलं. फाटलेल्या पडद्याला आईच्या जुन्या लुगड्याची विरलेली पट्टी खळीने चिकटवायची. खळ घट्ट झाली तर स्पीकर सर्दी झाल्यासारखा बोलायचा, पातळ झाली तर पट्टी सुटून फडफडायची. बेताची खळ कशी करायची हे मला बोटांनी कळू लागलं. पण खळ गव्हाच्या पिठाची, त्यामुळे उंदीर पुन्हा यायचे. मग मला आठवलं की शाळेत वह्या-पुस्तकं बांधायला येणारा माणूस खळीत निळं, विषारी मोरचूद घालायचा. मी चिमूटभर मोरचूद घातलं आणि उंदीर यायचे थांबले. निळसर कडांचे माझे स्पीकर लांबूनही ओळखू यायचे. तुटलेल्या तारेला कथील वितळवून डाख द्यायला मला इब्राहिममामांनी शिकवलं. बाजारपेठेत त्यांचं कल्हईचं दुकान होतं, त्यांच्या वडलांपासूनचं. आमच्या घरची पितळेची भांडी तेच कल्हई करायचे. ते नवसागर टाकून भांडं चकचकीत करत, तसाच आम्ही तारेवरही नवसागर टाकला आणि डाख छान बसला. महिन्या-दीड महिन्याने ते सांधे हिरवे पडून तुटू लागले, तेव्हा मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरी, घागरीचं औषध आपुन केसाला लावलं गं!" नवसागर तारच खात होता. मग मी राळ वापरायला लागले. पण पहिल्या खेपेचे नवसागराचे सांधे कर्ण्यांच्या काही युनिटांत तसेच राहिले. लग्नसराई तोंडावर होती, आणि दादा म्हणाला, "चालत्यात तवर चालू दे."

त्या स्पीकरांचं करायचं काय, हा प्रश्न आम्हाला फार दिवस पुरला आणि त्यातच माझे सगळ्यात सुखाचे दिवस गेले. मोठे स्पीकर नुसते उघडे वाजवले तर आवाज पातळ यायचा. एकदा मी एक स्पीकर सहज रिकाम्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवला आणि तो असा घुमला की गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या. मग मी कुंभारवाड्यात जाऊन स्पीकरच्या मापाच्या तोंडाचे माठ सांगून आले. कुंभारीण म्हणाली, "पाण्यासाठी न्हाईत? मग भाजायचं कशाला, वाया कशाला घालवतीस!" रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने तसला माठ लिंबाच्या फांदीला टांगला. सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकांचे ड्रायव्हर चहा पिताना वर बघायचे आणि आत कोण बसलंय म्हणून विचारायचे. जळालेल्या स्पीकरांतलं लोहचुंबक काढून मी पिठाच्या गिरणीवाल्याला दिलं. धान्यातले खिळे, तारा त्याला चिकटायचे आणि जात्याचे दगड वाचायचे. दोन स्पीकर लांब तारेने जोडून एक विहिरीपाशी आणि एक चुलीपाशी ठेवला. मशीन नाही, बॅटरी नाही, तरी कानाला लावला तर एकीकडचं बोलणं दुसरीकडे बारीक ऐकू यायचं. आईने आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग आठ दिवसांत त्याच्यावरून आबांना शिव्या द्यायला लागली. "भाकरी गार झाली! बैलं जेवल्याव येनार का?" आबा विहिरीवर स्पीकर कानाशी धरून मान डोलवायचे. मान डोललेली तिला दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही.

खरं काम मात्र कर्ण्यांचं. कर्ण्याच्या मागे जे युनिट आटे फिरवून बसवतात तसली बरीच त्या पोत्यात होती. लग्नात कर्णा आला की लग्न मोठं, असा तो काळ. आमच्या भागात जेवणाआधी आहेर पुकारायची पद्धत होती. कोणी काय दिलं ते नावानिशी कर्ण्यावरून सांगायचं, वस्ती-वाडीपर्यंत ऐकू जाईल असं. आणि एकदा कर्ण्यावर पुकारलेलं कोणी मागे घेत नसे. राहू गावच्या एका लग्नात नवरीच्या मामाने पातेलं दिलं होतं, दादाने गडबडीत घागर पुकारली. मामा तांबडालाल झाला, पण बोलला नाही. दुसऱ्या दिवशी यवतला येऊन त्याने घागर घेतली आणि भाचीला पोहोचती केली. आम्ही घरी हसून हसून लोळलो. दादा माईकवर बोलायचा आणि मी मशीनपाशी बसायची, बैलगाडीच्या आडोशाला, गोणपाटाच्या पडद्यामागे. मुलगी मशीन चालवते हे चारचौघांत दिसू नये म्हणून तो पडदा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, काम माझं आहे, तोंड दादाचं आहे, घर एकच आहे.

दादा म्हणायचा, "दौंडला दुकान टाकू. स्टेशनाजवळ. मी गिऱ्हाईक बघीन, तू मागं बसून दुरुस्ती कर. तुझ्या हाताला काम हाय, सुशे, तुला इतक्यात लग्नाच्या खोड्यात न्हाई अडकू द्यायचा मी." हे तो आईसमोर म्हणायचा. आई काही बोलायची नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा लावता आला नाही. मग एक दिवस तो म्हणाला की दौंडचे रेडिओवाले माधवराव आणि त्यांच्या आई आपलं काम बघायला येणार आहेत, पसंत पडलं तर त्यांच्या दुकानात आपल्याला कोपरा देतील. "नीट सांग सगळं. लाजू नगंस."

मी लाजले नाही. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो इतकी मी बोलले. ओसरीवर चादर अंथरून त्यावर निळ्या कडांचे स्पीकर ओळीने मांडले होते. खळ, मोरचूद, राळ, माठ, सगळं सांगितलं. माधवराव तिशीच्या आसपासचे, अबोल. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, हे मला नंतर कळलं. ते एकेक स्पीकर उचलून बघत होते आणि त्यांनी खरोखर चांगले प्रश्न विचारले. त्यांच्या आईने माझे हात हातात घेतले, उलटसुलट केले, बोटांवरचे भाजल्याचे डाग बघितले आणि म्हणाल्या, "कामाची हाय." मी आणखी एक स्पीकर त्यांच्यापुढे सरकवला. आईने पोहे आणले. मला हिरवं लुगडं नेसायला तिनेच सांगितलं होतं. पाहुणे आहेत म्हणून, असं मी समजले. ते काम बघायला आले आहेत या समजुतीत मी दारापर्यंत त्यांना पोहोचवायला गेले आणि "परत या" म्हणाले.

त्यानंतर महिन्याच्या आत कासुर्डीला माझ्या चुलत बहिणीचं, इंदूचं लग्न होतं. दुपारचं ऊन, मांडवावर आंब्याचे टहाळे, चुलाणावर लापशी शिजत होती आणि वांग्याच्या कालवणाचा वास सगळीकडे सुटला होता. इब्राहिममामा हौसेने आमच्याबरोबर आले होते. कर्णा लिंबावर चढवायला ते दोर धरायचे. अक्षता पडल्या, पंगतीसाठी माणसं बसायला लागली, दादाने आहेर पुकारायला सुरुवात केली आणि मध्येच कर्णा खर्र करून गप्प झाला. माणसांचा गलका झाला. कोणी तरी ओरडलं, "आरं, घसा बसला का रं?" दादा गोणपाटाशी येऊन घाईने म्हणाला, "सुशे, लवकर कर. आज बंद पडून न्हाई चालायचं. आज न्हाई." त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पाहुण्यांत अब्रू जाईल म्हणून. मामांनी दोर सोडून कर्णा खाली घेतला, मी युनिट उघडलं. नवसागराचा जुना सांधा हिरवा होऊन तुटला होता. डाख द्यायची सळई मी आचाऱ्याच्या जाळात धरली, तर तो म्हणाला, "बाय, लापशीला डाख देतीस का काय?" बायका हसल्या, मीही हसले. राळ लावली, तार धरली, डाख दिला. बोट भाजलं, पण हात हलला नाही. इतका सुंदर सांधा मी त्याआधी कधी दिला नव्हता. मामांनी कर्णा वर ओढला, मी मशीन लावलं. दादाने माईकवर फुंकर मारली आणि तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. मी पडद्याआडून दादाकडे बघितलं, शाबासकीसाठी. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "आहेर पुकारायच्या आदी एक आनंदाची गोष्ट सांगतो. यवतचे आमचे आबा यांची कन्या, आमची धाकटी भगिनी सुशीला, हिची सोयरीक दौंडचे रेडिओवाले माधवराव यांच्याशी पक्की झाली हाय. मंडळींनी आशीर्वाद द्यावा."

टाळ्या पडल्या. पंगतीतल्या बायका माना वळवून मला शोधू लागल्या. इंदूच्या आईने धावत येऊन गोणपाट बाजूला सारलं आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. माझ्या एका हातात अजून सळई होती. समोर पुरुषांच्या पंगतीत आबा बसले होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. दादा आज हे पुकारणार हे आबांनाही ठाऊक नव्हतं, ते त्या तोंडावरून मला कळलं. मागाहून मला कळलं, दादाशी बोलताना ते इतकंच म्हणाले होते की लग्नाहून आल्यावर बघू, आधी पोरीला विचारू. दादा विचारण्याच्या आधी कर्ण्यावर चढला होता. राहूच्या मामाची घागर आम्हा सगळ्यांनाच आठवत होती, दादाला सगळ्यात जास्त. आबा उठून "थांबा" म्हणतील असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि पत्रावळीकडे बघत बसले. मग मी आईकडे बघितलं. आई वाढत होती. ती वर बघत नव्हती, आणि तिला आधीपासून माहीत होतं.

इब्राहिममामा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुला ठावं व्हतं?" मी नाही म्हणून मान हलवली. दादा आहेराची पहिली नावं पुकारत होता. मामांनी वाकून बॅटरीची तार काढली. कर्णा पुन्हा गप्प झाला. दादा धावत आला. "आता काय झालं?" "बॅटरी उतरली," मामा म्हणाले. "कालच भरून आणलीय!" "उतरली म्हंतो न्हवं का," मामा म्हणाले आणि तार खिशात घालून गाडीच्या जुवाडीवर बसून राहिले. त्या दिवशी उरलेले आहेर दादाने नुसत्या तोंडाने ओरडून पुकारले. माझ्या बाजूने त्या मांडवात झालेली गोष्ट एवढीच.

घरी आल्यावर अंगणातच मी दादाला विचारलं, "मला इचारलं का न्हाईस?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणाली असतीस." तो बैल सोडत होता. "म्हणून."

"आन् तुझं ते दुकान? माझ्या हाताला काम हाय म्हणत व्हतास ते?"

"कोपरा दिलाय त्यांनी."

"कुणाला?"

त्याने जू खाली ठेवलं. "मी बसंन. तूबी तिथंच असशील की, मागल्या घरात. वायलं काय झालं त्यात?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "माणूस चांगलाय, सुशे. मी काय तुला हिरीत ढकललं न्हाई." आई आतून म्हणाली, "फुलं वाळत्यात, पाणी मारा कुणीतरी." मी पाणी मारायला गेले. आबा विहिरीवर बैलांशी बोलत होते. मला बघून ते गप्प झाले.

दादा खोटं बोलला नव्हता. माणूस चांगला होता. माझ्या नवऱ्याने आयुष्यात माझ्यावर हात उचलला नाही, आवाजही नाही. लग्नानंतर थोड्या दिवसांनी त्यांनी एक फाटका स्पीकर मधल्या दारात आणून ठेवला, काही न बोलता. सासूबाईंनी तो उचलून सरपणात टाकला. "आपल्यात बायका दुकानाचं करत न्हाईत," म्हणाल्या. त्यांनी पुन्हा स्पीकर आणला नाही, मीही मागितला नाही. दुकान आणि घर यांच्यात एक भिंत होती. तिच्या अलीकडे मी स्वयंपाक करायची आणि पलीकडे दादा माझ्या निळ्या कडांचे स्पीकर गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायचा. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." कोणता स्पीकर वाजतोय ते मला भिंतीआडून ओळखू यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, दुरुस्ती कोणाची? दादा म्हणायचा, "आपलीच." पट्ट्या सुटायला लागल्यावर त्याने पुण्याहून माणूस आणला. मला त्याने कधी विचारलं नाही. सणावाराला तो आत जेवायला यायचा, मी त्याला वाढायची, तो भाकरीचं कौतुक करायचा. मी त्याच्याशी भांडले नाही. भांडण मनातल्या मनात इतक्या वेळा झालं होतं की बाहेर काढायला काही उरलं नव्हतं.

त्याऐवजी मी दुसरंच केलं, आणि ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. मी त्या दिवसाची गंमत करायला शिकले. चार बायका जमल्या की मीच सुरुवात करायची: कर्णा बंद पडला, मी दुरुस्त केला आणि त्यातून माझंच लग्न बाहेर पडलं! आचाऱ्याची लापशी, दादाची फुंकर, मामांची उतरलेली बॅटरी, सगळं नकलेसकट. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. दादाही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने. आबांचं उघडं राहिलेलं तोंड मी त्यात कधी सांगितलं नाही. गंमत म्हणून सांगितलं की मला त्या मांडवात परत उभं राहावं लागत नसे. आणि दादाचं ओझं त्याला न कळता उतरत गेलं, तेही माझ्याच तोंडून.

मग दादाची मुलगी लता मोठी झाली. हुशार पोर. तिला पुण्याला जाऊन नर्स व्हायचं होतं. दादाने तिच्यासाठी बारामतीकडचं स्थळ काढलं आणि तिला न सांगताच पाहुण्यांना बोलावलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. दादा मला बोलावून घेऊन गेला, समजूत घालायला. लता आतल्या खोलीत पेटीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज शांत. ती म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात तुझं लग्न कर्ण्यावर पुकारलं, तुला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि तू हसत हसत नांदायला गेलीस. खरं सांग. तू म्हणशील ते मी ऐकेन."

दारात दादा उभा होता. त्याचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता, उंबऱ्याकडे बघत होता. कासुर्डीला मी जसं शाबासकीसाठी त्याच्याकडे बघितलं होतं, तसं आता तो माझ्याकडे काही मागत होता, हे मला कळलं. खरं बोलले असते तर त्याला पहिल्यांदा ते ऐकावं लागलं असतं. मला ते हवं होतं, किती वर्षं हवं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडाला जे आलं तेच बाहेर पडलं.

"व्हय गं," मी म्हणाले. "लई हसलो आम्ही."

लताने माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. मग ती उठली, पदर खोचला आणि पाहुण्यांसाठी पोहे भिजवायला आत गेली.